पेशींचे औषध आणि पगारदाराची ऐपत

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार १९’ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराचे लोकार्पण झाले. आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेली ही पहिली स्वदेशी कार-टी उपचारपद्धती. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण तेवढ्यावर थांबून कसे चालेल?

रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांच्या जनुकांत फेरबदल करून त्या पुन्हा देहात सोडावयाच्या, की त्या रोगट पेशी हुडकून मारतात. मात्र मरणामरणांत अंतर असते. एरवी आपल्या देहात रोज अब्जावधी पेशी मुकाट्याने मरतात आणि भक्षक पेशी त्यांची विल्हेवाट गाजावाजा न करता लावतात. कर्कपेशी घाऊक प्रमाणात फुटून मरू लागल्या, की सांडलेल्या द्रव्यांनी हीच रक्षणव्यवस्था खवळते; ज्वर चढतो, क्वचित रक्तदाब कोसळतो. त्यावर औषधे आहेत, पण अतिदक्षता विभाग हाताशी असावाच लागतो. तो तालुक्याच्या गावी कोठून आणावयाचा?

अमेरिकेत २०१७ साली अशा पहिल्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. येथे ती सुमारे ३० ते ४० लाख रुपये सांगण्यात आली. तुलनेने स्वस्त खरी, पण कोणास? आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे. उरलेल्या रकमेसाठी शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधी मोडावा, की घर विकावे? सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांतून जन्मलेल्या या उपचारासाठी शासनाने स्वतंत्र निधी उभारावा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यासाठी सज्ज करावीत.