कंपनीची ‘संस्कृती’

कंपनीला ‘संस्कृती’ असते हे विधान मराठीत आता इतके रुळले आहे, की साहित्याच्या प्राध्यापकांनाही ते खटकेनासे झाले आहे. आम्हांला ते खटकते. ज्या शब्दाची व्याप्ती ठरवताना आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, तो मनुष्यबळ विभागाच्या फलकावर जाऊन बसला आणि आपण त्याची साधी चौकशीही केली नाही.

चौकशीसाठी एक संहिता उपलब्ध आहे. अर्न्स्ट अँड यंग ह्या बलाढ्य संस्थेच्या पुणे कार्यालयात मार्च २०२४ मध्ये रुजू झालेली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल त्याच वर्षी जुलैत वारली. तिच्या आईने संस्थेच्या भारतातील अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरात सर्वदूर पोहोचले. रात्री उशिरापर्यंतचे आणि सुटीच्या दिवशीचेही काम, क्रिकेटच्या सामन्यांनुसार बैठका पुढेमागे करणारा वरिष्ठ, आणि अंत्यविधीला कार्यालयातून कोणीही न येणे, हे सारे त्या पत्रात आहे. कामाच्या ताणाने मृत्यू ओढवला, हे संस्थेने मानले नाही. गैरहजेरीबद्दल मात्र अध्यक्षांनी खेद व्यक्त केला; असे घडणे आमच्या संस्कृतीला सर्वस्वी परके आहे, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

इथे थांबून वाचले पाहिजे. आई रात्री आणि रविवार मोजते आहे. अध्यक्ष संस्कृती सांगत आहेत. रात्री मोजता येतात, संस्कृती मोजता येत नाही, आणि तीच तिची सोय आहे. पुढे राज्याच्या कामगार खात्याने पाहणी केली, तेव्हा हे कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीविनाच चालू असल्याचे आढळले. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालणारा तो हाच कायदा. म्हणजे संस्कृती होती, नोंदणी तेवढी राहून गेली होती! त्याच सुमारास केंद्रीय अर्थमंत्र्यांनी तरुणांना आंतरिक बळ कमावण्याचा उपदेश केला, आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने नऊ तासांची मर्यादा दहावर नेण्यास मान्यता दिली. असो.

वास्तविक आपल्याकडे वेगळ्या भाषेचा वारसा आहे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली आणि १८९० मध्ये ती मिळवली. त्यांनी मालकांकडे संस्कृती मागितली नव्हती, रविवार मागितला होता. आपली समीक्षा मात्र गिरण्यांबरोबर कामगारही संपला असे समजून चालते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस तिला मध्यमवर्गीय दिसतो, कामगार दिसत नाही.

हा पुण्यामुंबईच्या पगारदारांचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या डोळखांबला यावे. इथल्या पाड्यांवरची मुले जीपने आसनगावला उतरतात, तिथून लोकल धरतात. काही भिवंडीकडच्या गोदामांत लागतात. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य तिथेही त्यांना ऐकवले जाते. कुटुंबात खाडा धरून पैसे कापत नाहीत, हे त्यांना पहिल्याच पगाराला कळते. आपल्या पदवीधरांना कळायला अधिक वेळ लागतो, कारण त्यांना ते वाक्य गोड भाषेत सांगण्याची तयारी आपणच करून घेतलेली असते.

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अर्जलेखन शिकवतो: ‘आपण दिलेली जबाबदारी मी निष्ठेने पार पाडीन.’ तक्रारपत्रही शिकवतो, पण ते नळाला पाणी न आल्याचे किंवा निकृष्ट माल मिळाल्याचे. नोकरी देणाऱ्याला उद्देशून लिहिलेले तक्रारपत्र आपल्या कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? त्या आईचे पत्र मुळात इंग्रजीत आहे. अभ्यासक्रमात अनुवाद आहेच, तेव्हा येत्या सत्रात त्या पत्राचा मराठी अनुवाद हाच आमच्या वर्गाचा पहिला स्वाध्याय राहील, आणि नोकरीच्या अर्जाचा नमुना त्याच्या शेजारी ठेवला जाईल. ह्याला अभ्यास मंडळाची परवानगी लागेल, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले आहे. लागो.