बंदी माणसाला, मोकळीक भांडवलाला

परदेशी नागरिकाला भारतात जमीन विकत घेता येत नाही, अशी ग्वाही सत्ताधारी वर्गाचे प्रवक्ते मोठ्या अभिमानाने देत असतात. ही ग्वाही अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे जयपूरच्या वेशीवर पाहावयास मिळते.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी नागरिकाला येथील स्थावर मालमत्तेसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी घ्यावी लागे. १९९९ मध्ये नवा कायदा झाला आणि ‘नियमना’ची जागा ‘व्यवस्थापना’ने घेतली. आज भारतीय वंशाशी संबंध नसलेल्या, परदेशात राहणाऱ्या परकीयाला येथे घर घेता येत नाही. परंतु ज्याने अमेरिकेचे वा ब्रिटनचे नागरिकत्व पत्करले, पण ज्याच्या खिशात ‘ओव्हरसीज सिटिझन’चे कार्ड आहे, त्याला घरे व दुकाने हवी तितकी घेता येतात. मज्जाव आहे तो फक्त शेतजमीन, चहा-कॉफीसारखे मळे व फार्महाऊस यांना.

म्हणजे शेतकऱ्याची जमीन तरी सुरक्षित राहिली? मेख येथेच आहे. कागदावर ‘बिगरशेती’ हा शब्द उमटला की काल विकण्यास मनाई असलेली जमीन आज भूखंड म्हणून बाजारात मोकळी होते. हा शब्द कसा उमटतो, ते सीकर रस्त्यालगतच्या नींदड गावाला विचारावे. १९८२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जयपूर विकास प्राधिकरणाने निवासी योजनेसाठी तेथील जमिनी घेण्याचा घाट घातला. ऑक्टोबर २०१७ मध्ये गावच्या स्त्री-पुरुषांनी आपल्याच मातीत खड्डे खणून स्वतःला मानेपर्यंत गाडून घेतले. जानेवारी २०२० मध्ये ते पुन्हा खड्ड्यांत उतरले. मागणी होती नव्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदल्याची; तो कायदा २०१४ पासूनच अमलात होता! पहिल्या वेळी राज्यात भाजपचे सरकार होते, दुसऱ्या वेळी काँग्रेसचे. शेतकऱ्याच्या वाट्याला खड्डा दोन्ही वेळा आला.

नींदडची योजना परदेशस्थांसाठी आखली होती, असे नव्हे. तशी गरजच नसते. शेतकरी एकदा उठला की भूखंडाचा भाव घेणाऱ्याच्या ऐपतीवर ठरतो, आणि डॉलर कमावणाऱ्याशी सांगानेरच्या कापड छपाई कामगाराने कोणत्या बळावर स्पर्धा करावी? त्यात २००५ पासून नगरवसाहतींच्या बांधकामात १०० टक्के परकीय भांडवल सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून येऊ शकते. परदेशी माणसाला एक खोली घेण्यास बंदी, परदेशी कंपनीच्या भांडवलाला मात्र अख्खी वसाहत उभारण्याची मुभा!

आणि देशी धनिक? त्याला माणशी दरसाल अडीच लाख डॉलर परदेशी पाठविण्याची सवलत आहे. चौघांच्या कुटुंबाला दहा लाख. दुबईने २००२ मध्ये निवडक वस्त्यांत परकीयांना मालकी हक्क खुला केला, तेथे घर घेण्यास एवढी रक्कम पुरेशी आहे. त्यासाठी कोणा धनिकाला कधी खड्ड्यात उतरावे लागलेले नाही.