शुगरवाल्यांचे ताट वेगळे नको

जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. पायांची जळजळ होते, रात्री तीन-तीनदा उठावे लागते, म्हणून रक्त तपासून घेतले. एचबीएवनसी ८.९ आले. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती याचा अंदाज देणारा हा आकडा, ६.५ किंवा त्याहून जास्त आला की मधुमेह धरतात. वजन ७६ किलो, उंची पाच फूट एक इंच. मी भाषा शिकवणारी बाई, आकड्यांशी माझे कधी फारसे जमले नाही. गेले सात महिने मात्र आकड्यांशीच संसार चालला आहे.

घरात कळताच सगळ्यांनी प्रेमापोटी माझे ताट वेगळे केले. दस्तरखानावर बगारा खाना आणि दालचा, माझ्यापुढे दोन कोरड्या भाकरी आणि उकडलेला दुधी. सकाळी कारल्याचा रस. मुलगी माझ्याकडे बघून हळूच आपली वाटी आड करायची. असे पंधरा दिवस चालले. पण खरे सांगायचे तर पंधरा दिवसही चालले नाही. रात्री सगळे झोपले की भांडी आवरताना देगचीच्या तळाची खुरचन मी उभ्याउभ्या खायची. कोणी पाहत नाही म्हणून दोन घास जास्तच. घरच्यांना वाटे परहेज चालू आहे, मीटर भलतेच दाखवी.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. सकाळचा नाश्ता बंद, दुपारी अर्धी भाकरी. गोळ्या मात्र त्याच, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. नववीच्या वर्गात चौथ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता हात थरथरू लागला, अंगाला दरदरून घाम फुटला, समोरची मुले धूसर झाली. एका मुलीने मला खुर्चीत बसवले, शिपाईमामांनी साखर घातलेले पाणी आणले. डॉक्टरांनी नंतर चांगलेच सुनावले. "जेवण निम्मं केलंत, गोळी तीच ठेवलीत, आणि मला सांगितलंही नाही!" ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आपल्या मनाने खाणे एकदम तोडले तर साखर धोकादायक खाली जाते. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. हे मला सगळे बिघडल्यावर कळले. तुम्ही आधीच लक्षात ठेवा, आणि जेवण बदलणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

त्यानंतर एका आहारतज्ज्ञ ताईंकडे गेले. त्यांनी कसलाही तक्ता हातात दिला नाही. म्हणाल्या, "आठ दिवस घरी जे शिजतं तेच खा, फक्त मोजून लिहून आणा."

आठवडाभरात माझे बरेच गैरसमज उतरले. आम्ही सोलापूरकर ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरवाल्यांचे औषधच समजतो. भाकरी चांगलीच आहे, तिच्यात चोथा आहे, पोट लवकर भरते. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६५ ते ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तितकेच. माझी एक भाकरी ९० ग्रॅम पिठाची निघाली. तशा तीन मी एका बैठकीत खात होते, वर थोडा भात. आमच्याकडे तर शिजवलेल्या भाताला 'खाना'च म्हणतात. भात नसेल तर जेवणच झाले नाही, हे बोलीतच ठरून गेले आहे!

चहाचा हिशोब आणखी वाईट. घरी तीन, शाळेत तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास नुसती चहातून. आणि तेल? पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर. माणशी रोजचे पावणेतीनशे कॅलरी तेलातूनच. सगळे म्हणत होते, गोड सोड. गोड मी तसेही फार खात नव्हते. वजन वाढत होते ते भाकरी, भात आणि तर्रीतून.

वजनाचा साखरेशी संबंध काय, हेही ताईंनीच समजावले. पोटात खोलवर, यकृतात आणि स्वादुपिंडात चरबी साठली की इन्सुलिन नीट काम करत नाही आणि पुरेसे तयारही होत नाही. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. त्यात घेतलेले लोक जास्त वजनाचे, मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा जास्त न झालेले, इन्सुलिन न घेणारे होते. आहारातून वजन उतरवलेल्या गटात ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. अर्थात त्यांनी सुरुवातीचे काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी खाल्ल्या, तेही देखरेखीखाली. घरी कोणी तसले करू नये. शिवाय दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले. गेलेले वजन परत येते तशी साखरही परत येते.

कोणी म्हणेल, आम्ही तर सडपातळ. त्यांच्यासाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा किस्सा सांगण्यासारखा आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय लोक वरून बारीक दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो. म्हणून काट्याबरोबर टेपही घ्यावी. बाईची कंबर ८० सेंटीमीटर आणि पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत असावी. माझी ९८ होती.

मग घरात एकच गोष्ट ठरवली. ताट सगळ्यांचे एक. बदलायचे ते दस्तरखान. भाकरीचा उंडा ५० ग्रॅम पिठाचा झाला. तेल आता महिन्याला तीन लिटर लागते, आणि रस्सा बेचव झाला असे अजून कोणी म्हटलेले नाही. दालचा तर आपल्या वाडवडिलांनी शुगरवाल्यांसाठीच शोधला असावा, असे मला वाटू लागले आहे. डाळ, मटण, दुधी, चिंच, सगळे एका देगचीत. मी त्यात दुधी दुप्पट केला आणि वरची चरबी काढून टाकू लागले. बसल्यावर आधी काकडी-मुळा, मग वाटीभर दालचा तसाच, आणि शेवटी छोटी वाटी खाना.

या क्रमाने काय होते ते मी स्वतःवरच पाहिले. एका शुक्रवारी नेहमीसारखे सगळे कालवून खाल्ले, दोन तासांनी २३८. पुढच्या शुक्रवारी तेवढेच जिन्नस, तेवढेच वजन, फक्त भात शेवटी. १८९. हे माझे आकडे, तुमचे वेगळे येतील, पण पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले तर साखरेची उसळी कमी होते, हे अभ्यासांतही दिसले आहे. जेवल्यावर पंधरा मिनिटे गच्चीवर चालणेही उपयोगी पडते.

अवघड असते ते दुसऱ्याच्या घरी. दावतीत ताटात पळी रिकामी करत "एक दिन में क्या होता जी?" म्हणणाऱ्या आपल्याच बाज्या आणि खाला. नाही म्हटले तर त्यांचे मन दुखते. आता मी ताट स्वतः वाढून घेते आणि शेवटपर्यंत त्यात थोडे काहीतरी ठेवते, रिकामे दिसू देत नाही. मध आणि खजुराच्या बाबतीतही असाच आग्रह होतो. दोन्हींबद्दल आपल्या मनात आदर आहे, तो असावाच. पण रक्तात गेल्यावर मधाची साखर साखरेसारखीच वागते. इफ्तारला एक खजूर पुरे, आणि चाटच्या फळांवर साखर भुरभुरायची तर बिलकुल गरज नाही.

रमजानला आता दोनच महिने आहेत. रोजे ठेवायचे की नाही आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे विचारायला याच महिन्यात डॉक्टरांकडे जा, चाँदरातीला नव्हे. रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. आजाऱ्याला सवलत आहेच. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. तेव्हा त्या भीतीने मीटर कपाटात ठेवू नका.

माझे वजन आता ६७ आहे, एचबीएवनसी ६.६. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त विरोध आमच्या सासूबाईंचा होता. अम्मींना छोटी भाकरी म्हणजे कंजूषपणा वाटे. "पाहुणे आले तर काय म्हणतील?" साखर तपासायला तर त्या कधीच तयार नव्हत्या. मागच्या आठवड्यात जेवण होऊन दोन तास झाले होते, मी मीटर घेऊन बसले होते. त्या शेजारी येऊन बसल्या, तसबीह बाजूला ठेवली आणि बोट पुढे केले. "माझी पण बघ एकदा."

२१४.

दोघीही थोडा वेळ गप्प होतो. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी लॅबमध्ये घेऊन गेले. परत येताना रिक्षात त्यांनी विचारले, "उद्यापासून माझं ताट वेगळं का?"

"नाही अम्मी," मी म्हटले, "तुमचं सात महिन्यांपूर्वीच बदललंय."