मांडी आणि खुर्ची

गेल्या दिवाळीत मी माझ्या सुनेशी अबोला धरला होता. फार वेळ नाही, पुणे ते शिरवळ. तास-सव्वा तास.

झालं असं, की भाऊबीजेला कोल्हापूरला माझ्या माहेरी निघालो होतो. मुलगा गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी आमचे हे. मागे डाव्या खिडकीशी नऊ महिन्यांचा नातू त्याच्या त्या कार सीटमध्ये उलटा, म्हणजे तोंड मागे करून बसवलेला. मधे मी आणि उजवीकडे सून. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत स्वारी खुशीत होती, मग किरकिर सुरू झाली. मी म्हटलं, "घेते गं जरा मांडीवर. दोन मिनिटांत झोपेल." सून म्हणाली, "आई, चालत्या गाडीत नको. पुढे थांबू तेव्हा घ्या."

झालं! तीन पोरं या मांडीवर झोपवली. एसटीतून, टॅक्सीतून, भावाच्या जुन्या फियाटमधून. आणि आता माझ्याच नातवाला मांडीवर घ्यायला मला परवानगी लागणार? मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे बोललेच नाही. मांडीवर नातवाऐवजी बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता, त्याला दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसले.

शिरवळच्या थोडं अलीकडे एक मोटारसायकलवाला उलट दिशेनं थेट आमच्या समोर आला. मुलानं करकचून ब्रेक दाबला. कुणाला काही लागलं नाही, तो मोटारसायकलवालाही हात करून निघून गेला. पण माझ्या मांडीवरचा डबा मांडीवर नव्हता. तो पुढच्या दोन सीटांमधून जाऊन गिअरच्या दांड्यावर आपटला होता, झाकण उघडलं होतं आणि लाडू यांच्या पायाशी गडगडत होते.

मंडळी, डबा तीन किलोसुद्धा नसेल. मी पट्टा लावलेला होता (मुलाच्या आग्रहाखातर), म्हणून मी जागेवर राहिले. डब्याभोवती माझे दोन्ही हात होते. पण हातांना कळायच्या आत तो गेला. आणि ही टक्कर नव्हती बरं का, नुसता ब्रेक होता.

मी डावीकडे बघितलं. नातू डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होता. रडायचंसुद्धा विसरला होता.

तिथेच माझा अबोला संपला. पण गोष्ट इथे संपत नाही. ब्रेक लागला तेव्हा आधारासाठी मी त्याच्या सीटची कड पकडली होती आणि ती सीट माझ्या हाताबरोबर हलल्यासारखी वाटली. शिरवळला चहाला थांबलो, तेव्हा मी मुलाला म्हटलं, "जरा ती खुर्ची हलवून बघ रे." त्यानं हलवली. चांगली वीतभर सरकली! या सीटला मागे दोन आकडे असतात, ते गाडीच्या सीटची बैठक आणि पाठ यांच्या फटीत असलेल्या लोखंडी कड्यांमध्ये अडकवायचे असतात. आयसोफिक्स म्हणतात त्याला. नीट बसला की आकडा 'टक्' वाजतो आणि खूण हिरवी होते. आमच्या सीटची एक खूण हिरवी होती, दुसरी लाल. दिवाळीची साफसफाई करताना सीट काढली होती, ती घाईत परत लावली होती आणि कुणी बघितलंच नव्हतं.

सुनेचा चेहरा उतरला. मला मात्र तिला काही बोलावंसं वाटलं नाही. नियम मोडायला निघाले होते मी, आणि नियम पाळूनही पोर अर्धंच बांधलेलं होतं. दोघींचंही चुकलं होतं.

घरी आल्यावर मी त्या सीटचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. शिवाय इकडून तिकडून बरंच वाचलं. त्यातून माझं जे मत झालं ते मांडते.

आधी हिशोब. शाळेतलं गणित आहे, घाबरू नका. गाडी ताशी ५० किलोमीटरनं जातेय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ती कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्यातल्या नऊ किलोच्या बाळाला धरून ठेवायला सव्वाशे किलोच्या आसपास जोर लागतो. तांदळाची पंचवीस किलोची पाच पोती. ती मांडीवरून पुढे उडत असताना हातात धरून ठेवणारी आजी अजून जन्मायची आहे. आजीनं स्वतः पट्टा लावलेला नसेल तर आणखी वाईट. मग आजीचं सगळं वजन मागून त्या बाळावर येतं आणि ते पुढची सीट आणि आजी यांच्यामध्ये सापडतं. आपण ज्याला माया समजतो, ती त्या क्षणी त्याच्यावर पडलेलं ओझं असते. लिहितानाही अंगावर काटा येतोय, पण लिहिलंच पाहिजे.

हा मांडीचा मोह आपल्याच देशातला नाही, हे वाचून मला थोडं बरं वाटलं. अमेरिकेत टेनेसी नावाचं राज्य आहे. लहान मुलांना गाडीत सुरक्षित सीटमध्येच बसवलं पाहिजे, असा कायदा अमेरिकेत सगळ्यांत आधी तिथे झाला. १९७७ मध्ये मंजूर झाला आणि १९७८ च्या जानेवारीपासून लागू झाला. त्यासाठी डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ मागे लागले होते. पण कायदा मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसवली गेली: मूल मोठ्या माणसाच्या कुशीत असेल तर चालेल! म्हणजे तिथल्या आमदारांनाही आईच्या मिठीपेक्षा सुरक्षित जागा सुचत नव्हती. डॉक्टर त्या दुरुस्तीला 'बाळ चिरडणारी' म्हणत. ती काढून टाकायला त्यांना १९८१ साल उजाडावं लागलं. पुढे १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

आपल्याकडेही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावता गाडी चालवली तर १००० रुपये दंड सांगितला आहे. पण नातवाला बांधायचं ते दंडाच्या भीतीनं नाही. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसण्याचं काय होतं, ते आपण ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात बघितलं. सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. चार दिवस सगळीकडे चर्चा झाली, आणि पाचव्या दिवशी मागचे पट्टे पुन्हा सीटच्या खाली गेले.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही नाही का वाढलो मांडीवर?" वाढलो की. पण जे वाढले नाहीत ते हे वाक्य म्हणायला इथे नाहीत. शिवाय ती फियाट घाटात जेमतेम चाळीसनं चढायची. आता त्याच रस्त्यावर पोरं शंभरनं जातात.

दुसरा प्रश्न येतो, "उलटं कशाला बसवता बिचाऱ्याला? त्याला काही दिसत नाही." हे मीसुद्धा विचारलं होतं. बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं फार मोठं आणि जड, आणि मान कोवळी. तोंड पुढे असेल तर टकरीत अंग पट्ट्यांनी अडतं आणि डोकं मात्र पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर. उलटं बसवलं की डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं आणि ताण वाटला जातो. बर्टिल आल्डमन या स्वीडिश प्राध्यापकाला ही कल्पना अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात त्यावरून सुचली. त्यांच्या उलट्या सीटचा पहिला नमुना १९६४ मध्ये व्होल्व्हो गाडीत तपासला गेला. आमचा बाळकृष्ण अंतराळवीरासारखा बसतो, हे कळल्यापासून मला तर कौतुकच वाटतं :) पाय दुमडतात म्हणून काही बिघडत नाही, पोरं तशीही मांडी घालूनच बसतात. युरोपच्या नव्या नियमात किमान १५ महिने उलटं बसवणं बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१८ पासून सांगितलंय, की सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत उलटंच बसवा.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. सीट विकत घेतली म्हणजे काम झालं नाही. सैल सीट म्हणजे नुसती शोभा. आणि ते तपासण्याचं काम आम्हा आजी-आजोबांनी अंगावर घ्यावं. तरुण मंडळी घाईत असतात, आमच्याकडे वेळ असतो. मी आता निघण्यापूर्वी एवढं बघते:

सीटचा आकडा किंवा गाडीचा पट्टा जिथून जातो तिथे धरून सीट हलवायची. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. दोन्ही खुणा हिरव्या हव्यात. वरून पट्टा किंवा खालून टेकू दिलेला असेल तर तोही लावायचा, ती शोभेची वस्तू नाही.

मग बाळाचे पट्टे. पीळ पडलेला नको. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत. पुढे मूल मोठं होऊन सरळ बसू लागलं की खांद्याच्या पातळीवर किंवा वरून. घट्ट किती? गळपट्टीच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर सैल आहे, आणखी ओढा. "टोचत असेल गं त्याला" असं मनात येतं. येऊ द्या.

दुपटं! हा आमचा, म्हणजे आज्यांचा, खास गुन्हा. बाळाला दुपट्यात, स्वेटरात जाडजूड गुंडाळून वरून पट्टे लावले की ते घट्ट वाटतात, पण टकरीत कापड दबतं आणि आतलं बाळ सैलच असतं. आधी पट्टे, मग वरून दुपटं. उन्हात गाडी उभी असेल तर बक्कल आधी स्वतःच्या हाताला लावून बघायचं. एप्रिलमध्ये चटका बसतो.

आणि उलटी सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. मोठ्या माणसाला वाचवणारी ती पिशवी सीटच्या पाठीवर आदळून बाळाचा जीव घेऊ शकते. पोरांची जागा मागेच.

"सगळ्यांना परवडतं का?" असं माझ्या बहिणीनं विचारलं. प्रश्न खरा आहे. रिक्षानं, एसटीनं, दुचाकीनं जाणाऱ्यांना मी हे सांगत नाहीये. पण लाखो रुपयांची गाडी घेताना वरच्या मॉडेलच्या चकाकत्या चाकांसाठी जो पैसे मोजतो, त्याला काही हजारांची सीट परवडत नाही हे मला पटत नाही. नात्यातल्या कुणाची वापरलेली सीट घ्यायलाही हरकत नाही, फक्त ती कधी अपघातात सापडलेली नाही आणि तिच्यावरची मुदत संपलेली नाही एवढी खात्री हवी. अनोळखी माणसाकडून मात्र घेऊ नका, कारण प्लास्टिकला आतून गेलेला तडा वरून दिसत नाही.

आता हे वाचणाऱ्या माझ्या नातेवाइकांसाठी चार शब्द. लग्नसराई आली, गाड्या भरून जाणार आहात. कुणाचं बाळ रडायला लागलं की गाडीतली सगळी वडीलधारी मंडळी एकसुरात म्हणतात, "अगं, घे ना त्याला बाहेर! किती छळतेस!" त्या एका वाक्यापुढे भल्याभल्या आया हरतात. माझी सून हरली नाही, पण तिला तास-सव्वा तास माझा फुगलेला चेहरा सोसावा लागला. ते वाक्य आपण म्हणायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं, "गाडी बाजूला घे रे, जरा थांबू." पोहोचायला अर्धा तास उशीर होईल. अक्षता आपल्याशिवायही पडतात.

दिवाळीपासून आम्ही दर दीड-दोन तासांनी थांबतो. थांबलो की नातू माझा. मी त्याला मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या म्हशी दाखवते, भरवते, गाणं म्हणते. निघायची वेळ झाली की परत सीटमध्ये, आणि पट्टे मीच ओढते. तो चिडतो, माझ्याकडे रागानं बघतो. बघू दे. मीही एकदा असंच चिडून पुणे ते शिरवळ बसले होते.

तुमच्या घरी अशी सीट असेल तर आज गाडीपाशी जा आणि ती एकदा हलवून बघा. किती सरकली ते मला नक्की कळवा.