सुटीचा वार नक्की कुणाचा?

कोकणातल्या, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत ‘शनिवार तेली’ नावाने ओळखली जाणारी मंडळी होती. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा, बोली मराठी. पण शनिवार आला की घाणा बंद! हे आपले बेने इस्रायली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे देवाने नेमून दिलेला विश्रांतीचा वार.

घाणा स्वतःचा होता, म्हणून तो बंद ठेवता आला. पण नोकरीत साहेबाचा वार चालतो. श्रद्धा शनिवारची आणि सुटी रविवारची, मग माणसानं करायचं काय?

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात कापडगिरणीत काम करणाऱ्या अॅडेल शर्बर्ट या बाईंपुढे हाच पेच आला. त्या शनिवार पाळणाऱ्या अॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती पंथाच्या. १९५९ मध्ये गिरणीचा आठवडा पाच दिवसांचा सहा दिवसांचा झाला. बाईंनी शनिवारी यायला नकार दिला आणि नोकरी गेली. दुसरीकडे विचारलं, तर तिथेही शनिवार हवाच! सरकारने बेकारभत्ताही नाकारला. गंमत म्हणजे, रविवार पाळणाऱ्या गिरणी कामगारांना त्याच राज्याच्या कायद्याचं संरक्षण होतं. अखेर १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. पोट की देव, अशी निवड सरकारने करायला लावू नये, हे त्यातून ठरलं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहेच. २०२३ मध्ये त्याच न्यायालयापुढे टपाल खात्यातल्या एका माणसाचा खटला आला. रविवारी बटवडा करणार नाही, असं त्याचं म्हणणं. मालकाने कर्मचाऱ्याच्या श्रद्धेसाठी सोय केली पाहिजे, धंद्याला खरोखर मोठा भार पडत असेल तरच नाही म्हणावं, असं न्यायालयाने सांगितलं. योग्यच आहे. पण त्याच्या वाटणीचे रविवार सहकाऱ्यांना भरून काढावे लागले होते, हेही खरं. म्हणून हक्क मागणाऱ्यानं ‘तुझ्या सणाला तुझी पाळी मी करीन’ एवढं तरी म्हणायला हवं.

काही कामं तर थांबवताच येत नाहीत. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडणं हे यहुदी धर्मात पाप नाही, उलट कर्तव्य आहे. दवाखान्यातल्या नर्सला याहून मोठा आधार कोणता?

आणि घरचं काय? शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत सगळं शिजवून ठेवायचं. कोणी? बहुतेक घरांत बाईनेच! आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात. पण दुप्पट खायचं तर दुप्पट रांधावंही लागतं, ते कोणी म्हणत नाही. दहा आज्ञांमधल्या विश्रांतीच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, नोकर, दासी, गुरंढोरं, अगदी दारी आलेला परकाही आहे. बायकोचा मात्र वेगळा उल्लेख नाही. जाणकार म्हणतात, ‘तू’ म्हटलं त्यात तीही आली. आली असेल, पण स्वयंपाकघरापर्यंत ती बातमी पोचायला हवी ना!

तरीही त्या यादीत दासी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. मालकीणबाईंची विश्रांती मोलकरणीच्या कष्टांवर उभी राहू नये, हे त्या काळी सांगितलं गेलं. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी केलेल्या करारातही आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती आहे. जवळजवळ शब्बाथएवढी!

मैत्रिणींनो, आपल्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा वार कोणता? कुणाचा गुरुवार असेल, कुणाचा शुक्रवारचा नमाज, कुणाची रविवारची प्रार्थना. कुणाला देवाधर्माचं काही नसेल, नुसतं झोपायचं असेल. कारण न विचारता तो दिवस द्यायला काय हरकत आहे? आणि त्या दिवशीची भांडी एकट्या आपण घासायची नाहीत, घरातल्या सगळ्यांनी मिळून घासायची. नाहीतर तिची सुटी आणि आपली हजेरी, एवढाच काय तो फरक पडायचा.