नोकरी सोडली, पण कमिशनचे काय?

बंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्या. कर्ता पुरुष मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये सेल्समन. पगार बेताचा, खरी भिस्त कमिशनवर. मार्चमध्ये त्याने ६ लाखांची ऑर्डर मिळवली. २ टक्क्यांनी १२,००० रुपये व्हायचे. एप्रिलमध्ये त्याने दुसरी नोकरी धरली. गिऱ्हाइकाचा शेवटचा हप्ता जूनमध्ये आला, तेव्हा मालक म्हणाला, “आता तुम्ही आमच्याकडे आहात कुठे?” मुलांच्या फीसाठी धरलेले पैसे असे अडकून पडतात.

हे पैसे कोणाचे, याचे उत्तर बहुधा नेमणूकपत्रात असते. कमिशन ऑर्डर मिळताच देय होते, माल पोचल्यावर की पूर्ण रक्कम जमा झाल्यावर, हे तिथे पाहावे. ‘रक्कम देण्याच्या दिवशी कर्मचारी नोकरीत असला पाहिजे’ अशी अट स्पष्ट लिहिलेली असेल, तर बाजू लंगडी पडते. तशी अट नसेल, तर ठरल्याप्रमाणे कमावलेले कमिशन केवळ राजीनाम्याने बुडत नाही. ते करारानुसारचे येणे असते आणि त्यासाठी ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. अडचण एवढीच, की पुष्कळ ठिकाणी कमिशनचे बोलणे चहा घेता घेता, तोंडीच झालेले असते. मग ऑर्डरच्या प्रती, ई-मेल आणि आधीच्या कमिशनच्या बँकेतील नोंदी हाच आधार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचेही वेतन कामाच्या २ दिवसांत चुकते करावे लागते. पण यावर हुरळून जाऊ नये. या संहितेने वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळले आहे. मात्र अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरतात. पगार २०,००० आणि कमिशन ३०,००० असेल, तर त्यातले ५,००० वेतन ठरतात. गंमत अशी, की गेस्टेटनर डुप्लिकेटर्स कंपनीच्या प्राप्तिकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली विक्रीवरील ठरावीक टक्क्याचे कमिशन पगारातच धरले होते. कायदा बदलला, की शब्दाचा अर्थही बदलतो!

वेतनात बसणाऱ्या रकमेच्या चौकशीसाठी जे. पी. नगरकरांना बन्नेरघट्टा रस्त्यावरील कार्मिक भवन जवळ आहे. बाकीच्या कमिशनसाठी आधी मालकाला स्पीड पोस्टाने लेखी मागणी पाठवावी.

खरे काम मात्र राजीनाम्याआधीचे. अर्धवट राहिलेल्या ऑर्डरींची यादी, गिऱ्हाइकाचे नाव आणि रकमेसह, राजीनाम्याला जोडून तिची पोच घ्यावी. शेवटच्या हिशेबाच्या कागदावर ‘काहीही येणे बाकी नाही’ असे छापलेले असते आणि माणूस घाईत सही करून मोकळा होतो. तिथे सहीजवळ ‘कमिशनची बाकी वगळून’ एवढे हाताने लिहावे, आणि त्या कागदाची झेरॉक्स तिथल्या तिथे मागून घ्यावी.