आधी पत्ता, मग वेबसाईट

"तुमची वेबसाईट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो, ग्यारंटीने!" असे फोन आता आपल्या नंदुरबार, शहाद्याकडच्या दुकानदारांनाही येतात. माझं मत साधं आहे. या ग्यारंटीवर एक रुपयाही घालवू नये.

खुद्द गूगलच सांगतं की पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही. पैसे भरून स्थानिक यादीत वरही जाता येत नाही (जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं). गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव कितपत माहितीतलं आहे.

अंतर काही आपल्या हातात नाही. नवापूरचंच घ्या, महाराष्ट्र-गुजरातची सीमा थेट रेल्वे स्टेशनातून जाते! तिथे उभं राहून कोणी टायरचं दुकान शोधलं, तर पलीकडच्या उच्छलचं दुकानही यादीत येऊ शकतं. गूगलला राज्याशी काय देणंघेणं?

जुळणं मात्र आपल्या हातात आहे, आणि नेमका तिथेच आपण मार खातो. तालुक्याचं सरकारी नाव अक्राणी, पण मुख्य गाव धडगाव. गिऱ्हाईक 'धडगाव' टाईप करणार आणि पत्त्यात नुसतं 'अक्राणी'! मिरचीचा व्यापारी वेबसाईटवर 'प्रीमियम स्पाइस सोल्यूशन्स' असं भारी इंग्रजी लिहितो, घेणारा शोधतोय 'लाल मिरची नंदुरबार'. गूगल बरंच समजून घेतं हो, पण जे लिहिलंच नाही ते कुठून वाचणार?

मग करायचं काय? गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे (२०२१ पर्यंत त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे). ते स्वतःच्या ईमेलवरून उघडा, एजन्सीच्या नको. नकाशावरची खूण दुकानाच्या दारावरच ठेवा. वेळ, सुट्टीचा वार, फोन नंबर नीट भरा. वेबसाईटवरही तोच पत्ता, तोच नंबर, आणि तो फोटोत नाही तर अक्षरांत. दुकानाच्या नावात 'बेस्ट', 'नंबर वन' घुसवू नका, ते नियमात बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. अभिप्राय खऱ्या गिऱ्हाइकांकडूनच मागा, विकतचे नकोत.

एवढं केलं की मग वेबसाईट, आणि तीही स्वतःच्या नावावर घेतलेल्या डोमेनवर. याच प्रोफाइलमधून बनवता येणाऱ्या फुकट वेबसाईटी गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद करून टाकल्या. ज्यांचं सगळं तिथेच होतं, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

असो. हे सगळं जमायला इंजिनिअर लागत नाही, एक निवांत रविवार पुरतो. दुकानाची पाटी आपण स्वतः उभं राहून लावून घेतो ना? मग गूगलवरची पाटी तरी परक्याच्या हातात का द्यायची?